सलग पट्टा राखताना : शेतजमीन संरक्षणाच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५ : पायाभूत नकाशा

कामाची हद्द ठरली. शहराच्या आजच्या बांधकामाच्या कडेपासून बाहेर ५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा घेतला आहे. प्रशासकीय हद्द मुद्दाम घेतली नाही. वस्ती वाढते ती रस्ता आणि पाइपलाइन धरून, कागदावरची हद्द पाहून नव्हे.

नकाशावर पाच थर चढवायचे : जमिनीचे गट, माती, पाण्याच्या वाटा (कालवे, पाट, ओढे, चर), रस्ते आणि मलवाहिन्या. रस्त्यांत मंजूर झालेले पण अजून न बांधलेलेही धरायचे. मलवाहिनीचा थर बहुतेक नकाशांत नसतो आणि तोच सर्वांत बोलका असतो. जिथे मलवाहिनी पोचते तिथे दाट वस्ती परवडू लागते. ऑरेगन राज्यात शहरवाढीच्या सीमेबाहेर मलवाहिनी नेण्यावर नियोजनाच्या नियमांतच कडक बंधन आहे, ते यासाठीच. शेत वाचवायचे असेल तर आधी गटाराचा आराखडा मागवा.

जुने कागदी गट-नकाशे क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीत बसवताना घ्यायची काळजी : कागद दमट हवेने ताणतो आणि उभा-आडवा सारखा ताणत नाही. नियंत्रण बिंदू (कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या पक्क्या जागा) चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी मिळून किमान दहा घ्यावेत. विहिरीचा कठडा, तिठा, पुलाचे टोक, हद्दीचा दगड चालतो. झाड किंवा नाल्याचे वळण चालत नाही, ते सरकते. १:५,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर चूक म्हणजे जमिनीवर अडीच मीटर, तेवढी मान्य. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत वापरली तर चूक जवळजवळ शून्य दिसते, कारण ती नकाशा ओढून प्रत्येक बिंदूवर चपखल बसवते. त्या शून्यावर विसंबू नये. तीन-चार बिंदू बाजूला ठेवून त्यांवरच तपासणी करावी.

२० जानेवारी २०२५ : उपग्रह-चित्रे

बदल पाहायला दोन स्रोत. लँडसॅटची ३० मीटर पिक्सेलची चित्रे १९८० च्या दशकापासून मिळतात, सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासून. पसाऱ्याची दिशा लँडसॅटवरून कळते, एकेक भूखंड मात्र त्यात दिसत नाही. सेंटिनेलवर २० बाय २० मीटरचा भूखंड म्हणजे जेमतेम चार पिक्सेल, तेही कडेच्या पिकात मिसळलेले.

इथे हमखास होणारा घोटाळा असा : नांगरून उघडी पडलेली जमीन आणि काँक्रीट बांधकाम-निर्देशांकात (चित्रातून बांधकाम ओळखायच्या आकड्यात) जवळपास सारखेच दिसतात. एकाच चित्रावरून वर्गीकरण केले तर पडीक ठेवलेले रान ‘बांधकाम’ म्हणून नोंदले जाते आणि सुनावणीत समोरचा पक्ष तीच नोंद दाखवून म्हणतो, इथे शेती उरलेलीच नाही. उपाय सोपा आहे. एकाच वर्षातली तीन हंगामांची चित्रे घ्यायची. तिन्हींत हिरवेपणा नसेल तरच तो तुकडा संशयित धरायचा आणि जागेवर जाऊन पाहायचा.

३ फेब्रुवारी २०२५ : माती

गिरमिटाने एक मीटर खोलीपर्यंत छिद्रे घेतली. खोली, पोत, खडे, चुनखडीचा थर, ओल कुठे लागते हे जागेवरच लिहायचे. सामू आणि क्षारता प्रयोगशाळेत. त्यावरून अमेरिकी कृषी खात्याच्या आठ वर्गांच्या क्षमता-वर्गीकरणात प्रत्येक तुकडा बसवला. पहिले चार वर्ग नांगरटीचे, पुढचे चार कुरण, वनीकरण आणि तत्सम वापराचे.

मातीचा नकाशा तयार मिळत असला तरी जागेवरची छिद्रे टाळू नयेत. नकाशा अनेकदा काही दशके जुना असतो आणि मधल्या काळात कुणी वरचा थर खरवडून नेलेला असतो. एका हेक्टरवरून १५ सेंटिमीटरचा थर गेला म्हणजे १,५०० घनमीटर, वजनात साधारण २,००० टन माती गेली. नकाशात तो तुकडा पहिल्या वर्गातच राहतो, प्रत्यक्षात तिथे खालची घट्ट माती उघडी असते.

१७ फेब्रुवारी २०२५ : गुण कसे द्यायचे

गुणपत्रिकेचा पाया म्हणून ‘लेसा’ पद्धत घेतली. अमेरिकी कृषी खात्याने ती १९८१ मध्ये आणली. तिचे दोन भाग असतात, एक मातीचे मूल्यमापन आणि दुसरा जागेचे. केंद्र सरकारच्या प्रकल्पांसाठी तिथे जो अर्ज भरतात त्यात मातीला १००, जागेला १६० असे एकूण २६० गुण आहेत. १६० पेक्षा कमी गुण पडलेल्या जमिनीचा पुढे वेगळा विचार होत नाही.

ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. जागेच्या गुणांत शहरापासूनचे अंतर धरलेले आहे. जमीन जितकी दूर तितके गुण जास्त. म्हणजे शहराच्या कडेची, सर्वांत धोक्यातली जमीन आपोआप कमी गुणांची ठरते आणि सोडून दिली जाते. बऱ्याच शहरांची पहिली वस्ती नदीकाठच्या उत्तम मातीवरच बसलेली असल्याने कडेची माती पुष्कळदा सर्वांत कसदारही असते. म्हणून आमच्या पत्रिकेत दोन रकाने वेगळे ठेवले. ‘गुणवत्ता’ या रकान्यात माती, पाणी आणि सलगता. ‘धोका’ या रकान्यात अंतर, रस्ता, मलवाहिनी, अलीकडचे खरेदीव्यवहार. दोन्हींची बेरीज करायची नाही. दोन्ही रकाने जिथे वर आहेत तिथे पहिले काम.

१० मार्च २०२५ : सलगता

संपूर्ण प्रकल्पात वजन कुठे द्यायचे हे आजच्या गणितावरून ठरले, म्हणून सविस्तर नोंद.

घर आणि शेत यांच्यात ५० मीटरच्या आत तक्रारी सुरू होतात असे धरू : फवारणीचा वास, रात्रीचा पंप, धूळ, शेणखत. शेतकरी मग त्या पट्टीत फवारत नाही, जनावरे बांधत नाही आणि हळूहळू ती पट्टी लागवडीतून सुटते. आता १६ हेक्टरचा चौरस तुकडा घ्या, बाजू ४०० मीटर. चारही बाजूंनी वस्ती आली तर आत बिनघोर कसण्यासारखे ३०० बाय ३०० मीटर, म्हणजे ९ हेक्टर उरते. तेवढेच १६ हेक्टर १,६०० बाय १०० मीटरच्या लांबट पट्टीत असतील तर काहीच उरत नाही. ६४ हेक्टरच्या चौरसात मात्र ४९ हेक्टर शाबूत राहतात.

शेताच्या मधोमध पडलेल्या सुट्या भूखंडाचे गणित तर याहून वाईट. २० बाय २० मीटरचे एक घर म्हणजे ०.०४ हेक्टर. त्याच्या भोवती ५० मीटरचे कडे काढले तर भूखंड धरून सुमारे १.२ हेक्टर अडकते, म्हणजे तीसपट. अहवालात बिगरशेती झालेली जमीन ०.०४ हेक्टर लिहिली जाते, आणि म्हणूनच वर्षानुवर्षांचे आकडे छोटे दिसतात.

यावरून दोन नियम ठरवले. राखायच्या जमिनीची यादी हेक्टरात नव्हे, सलग पट्ट्यांत करायची. प्रत्येक पट्ट्याचे क्षेत्र आणि ५० मीटर आत सोडून उरणारा गाभा दोन्ही लिहायचे. आणि आक्षेप घेताना सगळीकडे सारखी ताकद लावायची नाही. कडेला लागून कडेसारखे वाढणारे बांधकाम आणि पट्ट्याच्या मध्यावर उडी मारून पडलेला भूखंड यांत दुसऱ्याला आधी अडवायचे, त्याचे क्षेत्र दहापट लहान असले तरी. लोकांना हे पटवायला वेळ लागतो, कारण मोठा प्रकल्प डोळ्यांत भरतो आणि मधले एक घर बिचारे वाटते. नकाशावर कडे काढून दाखवले की वाद संपतो.

क्यूजीआयएसमधली रीत : बांधकामाच्या थराला ५० मीटर बफर (भोवतीचे कडे), सगळे बफर एकत्र विरघळवणे, शेतीच्या थरातून ते वजा करणे, उरलेल्याचे सुटे भाग करून प्रत्येकाचे क्षेत्र काढणे. मध्ये आडवा जाणारा रुंद रस्ता शेतीच्या थरातून आधी कापून घ्यावा, नाहीतर दोन पट्टे एकच दिसतात. उलट पाणंद किंवा बैलगाडीचा रस्ता कापायचा नाही, तो शेतीचाच भाग आहे.

२४ मार्च २०२५ : कडेची पट्टी आणि पाणी

जिथे शहराची कड पक्की आहे तिथे मधली पट्टी नव्या बांधकामाच्या जागेतून मागायची, शेतातून नव्हे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहराच्या नियमात अशी किमान १५० फूट (सुमारे ४६ मीटर) पट्टी आहे : शेताकडचे १०० फूट लोकांना बंद, घरांकडचे ५० फूट पायवाट आणि झाडांसाठी.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही याच पानावर हवा. ५० मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे ५०० घनमीटर पाणी. छते आणि डांबर यांवरून त्यातले ९० टक्के, म्हणजे ४५० घनमीटर वाहून जाते. मुरणाऱ्या शेतातून ३० टक्के धरले तर १५०. वस्ती उताराच्या वर असेल तर हे तिप्पट पाणी खालच्या शेतात उतरते, बांध फोडते, जमीन चिबड करते. दोन-तीन पावसाळ्यांत ते शेत ‘नापीक’ ठरते आणि पुढच्या आराखड्यात निवासी होते. परवानगीच्या अटींत पाणी जागच्या जागी मुरवण्याची आणि ओढ्यापर्यंत स्वतंत्र चर काढण्याची अट घालून घ्यावी. चराचा तळ कोणत्या पातळीवर आणि कुठल्या ओढ्याला मिळणार हे आकड्यांत लिहिले नसेल तर ती अट नावापुरतीच राहते.

१४ एप्रिल २०२५ : कायमचे निर्बंध

अमेरिकेत शेतकरी जमीन स्वतःकडेच ठेवतो आणि बांधकामाचा हक्क तेवढा विकतो किंवा दान करतो. न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने १९७४ मध्ये असे हक्क विकत घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात फिलिस फेबर आणि एलन स्ट्रॉस यांनी मरीन अ‍ॅग्रिकल्चरल लँड ट्रस्ट उभा केला, तो याच रीतीने काम करतो. निर्बंध जमिनीला चिकटतो, मालक बदलला तरी राहतो.

हा दस्त दुसऱ्या देशात तसाच्या तसा चालेल असे समजू नये. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ४ नुसार सुविधाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. लाभ घेणारी जमीनच नसलेल्या संस्थेला तो धरता येत नाही. इंग्लंडमध्येही हीच अडचण होती. तिथे पर्यावरण अधिनियम, २०२१ ने संवर्धन-करार हा वेगळा प्रकार आणला आणि तो सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. वेगळा कायदा नसेल तिथे मग तीन वाटा उरतात. संस्थेने शेजारचा लहानसा तुकडा विकत घेऊन त्या जमिनीच्या लाभासाठी निर्बंध लिहून घेणे. जमीन न्यासाच्या नावे करून शेतकऱ्याला लांब मुदतीने देणे. किंवा मालकांनी परस्परांशी करार करणे. तिसरी वाट स्वस्त, पण एकाने मोडली की इतरांना कोर्टात जावे लागते. कोणतीही वाट घेतली तरी दस्त नोंदणीकृत हवा आणि शोध घेणाऱ्या खरेदीदाराला दिसेल अशा ठिकाणी त्याची नोंद हवी.

दस्तात काय बंद हे लिहिण्याइतकेच काय चालू हे लिहावे : गोठा, कांदाचाळ, शेततळे, पंपघर, कुटुंबाचे एक घर. घरासाठी जागा आत्ताच नकाशावर आखून द्यावी, तीही कडेला, रस्त्यालगत. ‘शेतीपूरक बांधकाम’ असे मोघम शब्द ठेवले तर पुढे गोदाम आणि मंगल कार्यालयही त्यात बसवले जाते.

५ मे २०२५ : वेळ

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २१ डिसेंबर १९७२ रोजी आधी शेतजमिनीचे रूपांतर गोठवले आणि कायदा केला एप्रिल १९७३ मध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी चर्चा, मग अधिसूचना असे केले असते तर मधल्या महिन्यांत अर्जांचा पूर आला असता. तिथला कृषी जमीन राखीव पट्टा सुमारे ४७ लाख हेक्टरांचा, प्रांताच्या जवळपास ५ टक्के. २०१९ पासून पट्ट्यातले मुख्य घर साधारणपणे ५०० चौरस मीटरपर्यंतच बांधता येते, कारण शेत घेऊन त्यावर हवेली बांधणे हीही जमीन घालवण्याचीच रीत आहे.

कॅनडातल्याच ओंटारिओ प्रांताचा हरित पट्टा २००५ चा. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने त्यातून १५ ठिकाणची सुमारे ७,४०० एकर जमीन घरांसाठी काढली. ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, त्यात निवडीच्या प्रक्रियेवर कठोर ताशेरे होते, आणि सप्टेंबरमध्ये निर्णय मागे घेतला गेला. लोकांचा विरोध आणि कागदोपत्री तपासणी दोन्ही असल्याने पट्टा वाचला. आमच्या फाइलमध्ये म्हणून प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त, अर्जाची पोच आणि नकाशाची तारखेसह प्रत ठेवायची.

जपानचा धडा वेगळा आहे. शहरातल्या शेतांना तिथे ३० वर्षांच्या बंधनावर करसवलत मिळाली, पण १९९१ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक नेमणुका १९९२ मध्ये एकदमच झाल्या. परिणामी २०२२ मध्ये सगळ्यांची मुदत एकदमच संपणार होती. २०१७ मध्ये कायदा बदलून दहा-दहा वर्षांची वाढ देण्याची सोय करावी लागली. मुदतीचे करार करायचे तर मुदती वेगवेगळ्या वर्षी संपतील अशा ठेवाव्यात, लागून असलेल्या गटांच्या तर नक्कीच.

२६ मे २०२५ : हक्क-हस्तांतर

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीने १९८० मध्ये ९३,००० एकरांचा कृषी राखीव पट्टा केला. पूर्वी ५ एकरांना एक घर चालायचे, ते २५ एकरांना एक झाले. शेतकऱ्याला मात्र ५ एकरांमागे एक हस्तांतरणीय हक्क मिळाला. तो शहरातल्या ठरलेल्या भागात जादा घरे बांधायला विकता येतो.

ही योजना फसते ती घेणाऱ्या बाजूला. शहरात जादा घनता आधीच फुकट मिळत असेल तर हक्क कोण विकत घेणार? दुसरी अडचण, शेताकडे एक हक्क राखून त्यावर घर बांधण्याची मुभा राहिली की पुन्हा मधल्या घरांचा प्रश्न उभा राहतो. घेणारे क्षेत्र नकाशावर निश्चित झाल्याशिवाय देणाऱ्या क्षेत्राची घोषणा करू नये.

९ जून २०२५ : ‘तेवढीच दुसरीकडे’

भरपाई म्हणून दुसरीकडे तेवढीच जमीन लागवडीखाली आणू, असा प्रस्ताव प्रत्येक सुनावणीत येतो. चीनमध्ये १८० कोटी मू (१२ कोटी हेक्टर) लागवडक्षेत्राची लाल रेषा आहे आणि घेतलेल्या जमिनीची भरपाई करण्याचा नियमही आहे. त्यावरची जुनी टीका हीच, की गाळाची सपाट जमीन जाते आणि बदल्यात उताराची किंवा क्षारपड येते. हेक्टर जुळतात, उत्पादन जुळत नाही. उत्तर देताना मातीचा वर्ग, खोली आणि पाण्याची हमी हे तिन्ही रकाने मागायचे. स्वित्झर्लंडने १९९२ च्या आराखड्यात पीक-फेरपालटाच्या उत्तम जमिनीचा किमान कोटा, एकूण सुमारे ४.३८ लाख हेक्टर, कँटनवार (तिथल्या राज्यांनुसार) वाटून दिला. तिथे हिशेब चांगल्या मातीचाच होतो.

२३ जून २०२५ : गावपातळीची समिती

केरळच्या भातजमीन व पाणथळ संरक्षण अधिनियम, २००८ मध्ये प्रत्येक पंचायतीत देखरेख समिती आहे : पंचायत अध्यक्ष, कृषी अधिकारी, ग्राम अधिकारी आणि शेतकऱ्यांचे तीन प्रतिनिधी. भातजमिनींची ‘डेटा बँक’ त्यांनी गटवार तयार करायची. यादी चुकली की सगळे चुकते. सुटलेला गट संरक्षणाबाहेर जातो आणि भराव टाकलेला गट चुकून आत आला तर त्या एका उदाहरणावर सगळी यादीच खोटी ठरवली जाते. आमच्या यादीचा मसुदा चावडीवर लावताना गट क्रमांकासोबत तारीख असलेला फोटो आणि शेवटच्या तीन हंगामांची पिके लावायची असे ठरले.

७ जुलै २०२५ : कसणारा माणूस

राखलेल्या जमिनीवर शेती चालली नाही तर निर्बंध पुढच्या पिढीला ओझे वाटतो. फ्रान्समध्ये १९६० च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘साफेर’ संस्थांना शेतजमिनीच्या विक्रीत पूर्वखरेदीचा हक्क आहे. नोटरीकडून सूचना आल्यावर त्यांना दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. ‘तेर द लियाँ’ ही संघटना २००३ पासून लोकांच्या बचतीतून जमीन घेऊन ती नव्या शेतकऱ्यांना भाड्याने देते. आमच्या पट्ट्यातल्या वयस्क मालकांची आणि जमीन शोधणाऱ्या तरुणांची जोडयादी यावरून सुरू केली.

२१ जुलै २०२५ : मूळ स्थितीचा अहवाल

निर्बंध लागण्याच्या दिवशी जमीन कशी होती याचा पुरावा. त्यात हद्दीचा नकाशा, सर्व बांधकामांची लांबी-रुंदी-उंची, विहिरी, रस्ते, मातीचे निकाल आणि ठरलेल्या ठिकाणांवरून घेतलेले फोटो. फोटोची जागा जीपीएसने, दिशा होकायंत्राने अंशांत लिहायची, कॅमेऱ्याची उंची १.५ मीटर. प्रत्येक फोटोत न हलणारी एक खूण हवी. मोबाइलचा जीपीएस पाच-दहा मीटर चुकतो, म्हणून ‘विहिरीच्या ईशान्य कोपऱ्यापासून १२ पावले’ असे शब्दांतही लिहायचे. मालक आणि संस्था दोघांच्या सह्या निर्बंधाच्या नोंदणीपूर्वी. नंतर घेतलेल्या सह्यांना कोर्टात फारशी किंमत राहत नाही.

११ ऑगस्ट २०२५ : देखरेख

वर्षातून एकदा पायी फेरी, तीन महिन्यांतून एकदा उपग्रह-चित्र. बिगरशेती वापराची चिन्हे बहुधा ठरावीक क्रमाने येतात. आधी राडारोड्याचा किंवा मुरमाचा भराव, मग चुन्याच्या रेघा आणि रंगवलेले दगड, मग पत्र्याचे कुंपण, कूपनलिका, विजेचा खांब, आणि शेवटी पाया. भरावाच्या टप्प्यावर नोटीस गेली तर ट्रक थांबतात. पाया भरल्यावर गेलेली नोटीस नियमितीकरणाच्या अर्जात जाऊन अडकते. ब्रिटिश कोलंबियात भराव टाकण्याआधीच कृषी जमीन आयोगाला कळवावे लागते, ते याच कारणाने.

फेरीचा तक्ता एका पानाचा ठेवला : गट, तारीख, फोटो क्रमांक, दिसलेले चिन्ह, मालकाशी बोलणे झाले का, पुढचे पाऊल. पहिली फेरी सुगीनंतर, पिके उभी नसताना. तेव्हा भराव आणि दगड लांबूनही दिसतात. गाभा सर्वांत मोठा असलेल्या पट्ट्यापासून सुरुवात.